एनर्जी मटेरियल्सवरचं संशोधन, गोव्यात राहून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यातल्या एका टेक्निकल संस्थेत बॅटरीच्या मटेरियलवर पीएचडी करते, पाचवं वर्ष चालू आहे, घर डिचोलीला. बारावीची मुलं, त्यांचे आईवडील, चतुर्थीला घरी आलेले पाहुणे, कदंब बसमध्ये शेजारी बसलेले काका, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच तेच असतात म्हणून एकदाचं बसून सगळं लिहून काढलं. काही उत्तरं लांबलीत, त्या गोष्टी मला खरंच महत्त्वाच्या वाटतात म्हणून.

प्र. मटेरियल सायन्स म्हणजे नक्की काय? केमिस्ट्री, फिजिक्स का मेकॅनिकल?

तिन्ही. घरातला कोयता डोळ्यासमोर आणा. लोहार तो लालभडक तापवतो, पाण्यात बुडवतो, चर्र आवाज येतो आणि मग त्याला धार धरते. तोच कोयता तापवून राखेत पुरून हळूहळू थंड केला तर मऊ पडणार, चार नारळ फोडले की धार मुडपणार. लोखंड तेच, त्यातला कार्बन तेवढाच, फक्त थंड व्हायचा वेग बदलला, त्यामुळे आतली अणूंची मांडणी बदलली आणि मांडणी बदलली म्हणून गुण बदलले. कसं बनवलं, आत काय झालं, आणि मग ते वागतं कसं, ह्या तीन गोष्टींची सांगड घालणं म्हणजे आमचा विषय. बॅटरीच्या पावडरचंही अगदी तसंच आहे, फॉर्म्युला तोच ठेवून भट्टीचं तापमान ५० डिग्रीने चुकलं तर पावडर वेगळीच वागते.

प्र. ह्यात एनर्जी कुठून आली?

सोलर पॅनल, बॅटरी, हायड्रोजन, तिन्हीकडे आयडिया जुनीच आहे, अडलंय ते मटेरियलवर. सिलिकॉनचा पहिला उपयोगी सोलर सेल बेल लॅब्जने १९५४ साली दाखवला, साधारण ६ टक्के एफिशियन्सीचा. लिथियम आयन बॅटरी सोनीने १९९१ साली बाजारात आणली. तेव्हापासून आजपर्यंत जी सुधारणा झाली ती बरीचशी आत भरलेल्या पदार्थांमधली आहे, म्हणून २०१९ चं केमिस्ट्रीचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो ह्या बॅटरीवाल्यांना मिळालं.

प्र. पण हे गोव्यात कशाला? बेंगळुरू, पुणे इथं मोठ्या लॅब आहेत ना?

आहेत, आणि तिथं जाऊन शिकण्यासारखं भरपूर आहे. पण इथं एक गोष्ट फुकट मिळते जी दुसरीकडे मुद्दाम तयार करावी लागते, ती म्हणजे खारी दमट हवा. जुलैत हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते, वर समुद्रावरून येणारं मीठ. जगात कुठल्याही धातूवर, कोटिंगवर, पॅनलच्या सीलवर प्रयोग करायचा तर लोक एका पेटीत मिठाच्या पाण्याचा फवारा मारून नमुने शेकडो तास ठेवतात, आपल्याकडे नमुना गच्चीवर ठेवला तरी वर्षभरात बरंच काही कळतं.

आणि ही नुसती लॅबमधली गोष्ट नाही. मांडवीवरचा पहिला पूल आठवणारे लोक अजून आहेत, माझे पप्पा त्यातलेच. १९८६ च्या जुलैत तो कोसळला, बांधून जेमतेम पंधरा-सोळा वर्षं झाली होती, आणि मग कित्येक वर्षं पणजीला जायचं तर फेरीबोट. काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या केबल गंजणं हे त्याचं मोठं कारण होतं. चांगल्या काँक्रीटमध्ये पोलाद खरं तर सुरक्षित असतं कारण काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि पोलादावर एक पातळ ऑक्साइडचा थर धरून ठेवतं, पण मिठातला क्लोराइड हळूहळू आत झिरपला की तो थर जागोजागी फोडतो, मग गंज चढतो, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, काँक्रीटला आतून तडा जातो, तड्यातून अजून पाणी, अजून मीठ. एवढीशी केमिस्ट्री, आणि अख्ख्या गोव्याची ये-जा तुटली. म्हणून कोणी मला विचारलं की गोव्यात मटेरियल सायन्सचं काय काम, तर मी मांडवीकडे बोट दाखवते.

माझं स्वतःचं मत असं आहे की कोरड्या एसी खोलीत मोजलेला आकडा अर्धाच असतो. तो पदार्थ आपल्या पावसाळ्यात काय करतो हे कोणीतरी मोजायला हवं आणि ते मोजायला आपल्याइतके जवळ कोण आहे?

प्र. दिवसभर लॅबमध्ये करता तरी काय?

आधी पावडर बनवायची. कच्चे क्षार मोजून घ्यायचे, बॉल मिलमध्ये तासन्‌तास दळायचे, गोळी दाबायची, भट्टीत भाजायची. मग ती पावडर, विजेसाठी काळा कार्बन आणि चिकटायला बाइंडर असं बऱ्याचदा ८०, १० आणि १० टक्के घेऊन सॉल्व्हंटमध्ये कालवायचं, घट्टपणा डोशाच्या पिठासारखा हवा, जास्त पातळ झालं तर थर ओघळतो आणि जास्त घट्ट झालं तर रेघा पडतात. ते ॲल्युमिनियमच्या फॉइलवर एकसारखं पसरायचं, व्हॅक्युम ओव्हनमध्ये रात्रभर वाळवायचं, गोल चकत्या कापायच्या.

मग ग्लोव्हबॉक्स. ही काचेची बंद पेटी, आत आर्गॉन भरलेला, बाहेरून जाड रबरी हातमोज्यांत हात घालून काम करायचं. आत पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही दहा लाखात एक भागापेक्षा कमी ठेवतात. एवढा कडकपणा कशासाठी? तर लिथियम बॅटरीच्या द्रवात जो क्षार असतो, लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट, त्याला पाण्याचा अंश लागला की हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार होतं आणि ते आतल्या आत सेल खाऊन टाकतं. तिथं सेल जोडायचा, तोही घड्याळातल्या बटण सेलसारखा, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड.

आणि मग वाट बघायची. ही गोष्ट बाहेरच्या लोकांना माहीतच नसते. सेल दहा तासांत चार्ज आणि दहा तासांत डिस्चार्ज असा सावकाश चालवला तर एका फेरीला २० तास, शंभर फेऱ्यांना २,००० तास, म्हणजे जवळजवळ ८३ दिवस. शंभर फेऱ्या तर काहीच नाहीत, गाडीच्या बॅटरीला हजारांत लागतात. तिसऱ्या वर्षी माझे चौदा सेल ६० च्या वर फेऱ्या पूर्ण करून बसले होते, जूनच्या पहिल्या वादळात लाइट गेली, यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली, सगळे टेस्ट मधेच तुटले. दोन महिन्यांचं काम. त्या दिवशी मी खूप रडले, आणि मग गाइडनी शांतपणे सांगितलं की परत लाव. परत लावले.

प्र. सोडियम बॅटरी म्हणजे आपल्या मिठागरातल्या मिठापासून बॅटरी का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण माझं काम ह्यावरच आहे.

थेट मीठ भरत नाहीत. मिठापासून सोडा ॲश, म्हणजे सोडियम कार्बोनेट, कारखान्यात बनतो आणि तो आम्ही वापरतो. पण मूळ मीठच, आणि ते सगळीकडे आहे, हाच सोडियमचा मोठा फायदा. लिथियम काही मोजक्या देशांत एकवटलंय. दुसरा फायदा कमी लोकांना माहीत असतो, सोडियमची ॲल्युमिनियमशी मिश्रधातू बनत नाही म्हणून दोन्ही बाजूंना स्वस्त ॲल्युमिनियम फॉइल चालते, लिथियममध्ये एका बाजूला महागडं तांबं लागतंच.

तोटाही सांगते. सोडियमचा अणुभार २३, लिथियमचा ७ च्या आसपास, आणि व्होल्टेजही थोडं कमी मिळतं, त्यामुळे तेवढ्याच विजेसाठी बॅटरी जड होते. लांब पल्ल्याच्या गाडीत हे खटकतं. पण घराच्या इन्व्हर्टरला, दुकानाला, सोलरची वीज रात्रीपुरती साठवायला वजनाने काय फरक पडतो? तिथं स्वस्त आणि टिकाऊ हवं.

आता ॲनोडचं, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाचं. लिथियम बॅटरीत ग्राफाइट असतं, पण नेहमीच्या द्रवात सोडियम ग्राफाइटमध्ये धड शिरत नाही. खूप ठिकाणी लिहिलेलं दिसतं की सोडियमचा आयन मोठा म्हणून तो आत मावत नाही. हे पटणारं नाही, कारण पोटॅशियमचा आयन त्याहून मोठा आणि तो मात्र ग्राफाइटमध्ये व्यवस्थित जातो. अडचण आकाराची कमी आणि ऊर्जेच्या हिशोबाची जास्त आहे, सोडियम आणि ग्राफाइटचं जे संयुग व्हायला हवं ते स्थिरच नाही. म्हणून हार्ड कार्बन वापरतात, ज्यात कार्बनचे थर वेडेवाकडे, मधे बारीक पोकळ्या. आणि हार्ड कार्बन बनतो कशापासून, तर नारळाची करवंटी, म्हणजे आपली करटी, काजूची टरफलं, लाकूड असल्या गोष्टींपासून, हवा न लागू देता १,००० ते १,४०० डिग्रीला भाजून. माझ्या आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली की म्हणजे तू कोळसाच करतेस. बरोबर आहे तिचं, कोळसाच, पण किती डिग्रीला, किती वेळ आणि आधी ॲसिडने राख धुतली का नाही ह्यावर सगळं ठरतं. काजूच्या टरफलात तर दाहक तेल असतं, ते आधी काढलं नाही तर भट्टीची नळी चिकट काळी होऊन जाते.

कॅथोडमध्ये, म्हणजे धन टोकाला, मात्र पावसाळा नडतो. सोडियमचे थरांचे ऑक्साइड दमट हवेत उघडे राहिले की सोडियम पृष्ठभागावर येतो, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड धरून हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट करतो, आणि मग बाइंडर घालून कालवताना मिश्रण एकदम जेलीसारखं घट्ट होतं. मेमध्ये छान पसरणारी तीच रेसिपी जुलैत भांड्यात गोठते. आधी आम्हाला वाटायचं वजन करताना चूक होतेय. आता पावडर भट्टीतून गरम असतानाच ग्लोव्हबॉक्समध्ये नेतो, आणि कुठल्या धातूचा थोडा अंश मिसळला तर हवेत जास्त टिकेल हे शोधतोय. एखादी कंपनी उद्या किनाऱ्याजवळ कारखाना काढेल तर तिला हाच त्रास होणार आहे.

प्र. खाणीतल्या आपल्या लोखंडापासून एलएफपी बॅटरी करता येईल का?

एलएफपी म्हणजे लिथियम, लोखंड आणि फॉस्फेट, १९९७ साली पाढी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ ह्यांच्या पेपरात आलेला पदार्थ, आणि पहिली दोन नावं भारतीय आहेत हे मुलांना मी आवर्जून सांगते. त्याच्या वजनात सुमारे ३५ टक्के लोखंड असतं. पण बॅटरीला लागतो तो लोखंडाचा अतिशय शुद्ध क्षार, आणि लोखंड तसंही ह्यातला सगळ्यात स्वस्त भाग आहे, किंमत लिथियममध्ये आणि प्रक्रियेत जाते. खाणपट्ट्यातल्या लोकांना मी खोटी आशा दाखवणार नाही, आमचंच घर त्या पट्ट्यात आहे, खाणी थांबून ट्रक उभे राहिले तेव्हा काय झालं ते आम्ही बघितलंय. बॅटरीमुळे खाणी चालणार नाहीत. शुद्धीकरण आणि बॅटरी बनवण्याचं शिक्षण इथल्या मुलांना मिळालं तर कामं मिळतील, ते वेगळं.

प्र. इलेक्ट्रिक स्कूटर पेट घेते म्हणतात. घ्यावी का?

घ्या, बघून घ्या. आतली केमिस्ट्री विचारा. निकेलवाल्या बॅटरीचा कॅथोड खूप तापला तर स्वतःच ऑक्सिजन सोडतो, आणि द्रव तर पेटणाराच, म्हणून ती आग विझवणं कठीण. एलएफपीमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो, तो सहज सुटत नाही. म्हणून ती जास्त सुरक्षित, पूर्ण सुरक्षित कुठलीच नाही.

उन्हातून चालवून आणल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास थंड होऊ द्या. चार्जर कंपनीचाच. आणि पुरात किंवा भरतीच्या पाण्यात गाडी बुडाली असेल तर वरून कोरडी झाली तरी चार्ज करू नका, घरातही ठेवू नका, खारं पाणी आत गंज आणि शॉर्ट करतं आणि आग कधी कधी काही दिवसांनीसुद्धा लागते. सर्व्हिसवाल्याला बोलवा.

प्र. छतावर सोलर आत्ता लावू की पेरोव्हस्काइट पॅनल येईपर्यंत थांबू?

थांबू नका. पेरोव्हस्काइट म्हणजे एका ठरावीक स्फटिकरचनेचे पदार्थ. त्यांचा सोलर सेल २००९ साली जपानमध्ये ३.८ टक्क्यांनी सुरू झाला आणि आज लॅबमध्ये २६ च्या वर गेलाय, सिलिकॉनच्या डोक्यावर बसवून ३४ च्या वर. एवढी झेप दुसऱ्या कुठल्या सोलर मटेरियलने घेतलेली मला माहीत नाही. पण पाणी त्याचा शत्रू आहे. सगळ्यात जास्त अभ्यासलेली काळसर फिल्म दमट हवेत राहिली की पिवळी पडते, पिवळं म्हणजे आतलं लेड आयोडाइड वेगळं झालं. आमच्या शेजारच्या ग्रुपमध्ये पावसाळ्यात ही फिल्म उघडी ठेवली तर फार वेळ लागत नाही. सिलिकॉनच्या पॅनलला कंपन्या २५ वर्षांची हमी देतात, तिथपर्यंत पोचायला पेरोव्हस्काइटला अजून बरंच सिद्ध करावं लागेल, आणि शिसं बाहेर झिरपणार नाही ह्याची खात्रीही द्यावी लागेल.

तुम्ही सिलिकॉन लावा, ३ किलोवॅटला केंद्राच्या सूर्यघर योजनेत ७८,००० रुपयांपर्यंत सबसिडी आहे. आपल्याकडे पॅनलपेक्षा जास्त लक्ष खालच्या सांगाड्याकडे द्या. जाड गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम, बोल्ट स्टेनलेसचे, आणि दोन वेगळे धातू जिथं टेकतात तिथं मधे प्लास्टिकचा वायसर, नाहीतर खाऱ्या ओलाव्यात ते दोघं मिळून बॅटरीच होतात आणि त्यातला जास्त सहज गंजणारा धातू खाल्ला जातो. शिवाय पॅनल छताला चिकटवू नका, खालून वारा जाऊ द्या. उन्हात पॅनल ६० डिग्रीला गेलं तर २५ डिग्रीच्या मानाने साधारण १२ टक्के वीज कमी मिळते.

प्र. समुद्र समोर आहे, मग त्याच्याच पाण्यापासून हायड्रोजन का नाही?

पाणी फोडायला हिशोबाने १.२३ व्होल्ट लागतात, प्रत्यक्षात जास्त. एका टोकाला हायड्रोजन निघतो, पण खाऱ्या पाण्यात दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनऐवजी क्लोरीन निघायला लागतो, कारण क्लोरीनला दोनच इलेक्ट्रॉनची देवघेव लागते आणि ऑक्सिजनला चार, शिवाय इलेक्ट्रोड गंजतात. ह्यावर थेट चालणारे इलेक्ट्रोड शोधणारे पेपर खूप येतात. मला ते केमिस्ट्री म्हणून सुंदर वाटतात, पण हिशोब करा: एक किलो हायड्रोजनला ५० युनिटच्या वर वीज लागते आणि सुमारे ९ लिटर पाणी, आणि समुद्राचं १,००० लिटर पाणी गोडं करायला ३ ते ४ युनिट. म्हणजे ९ लिटर आधी गोडं करून घ्यायला अगदी नगण्य वीज लागते. मग खारं पाणी थेट वापरायचा अट्टहास कशाला, ताकद स्वस्त कॅटलिस्टवर, म्हणजे क्रिया सोपी करणाऱ्या पदार्थावर, लावू, जिथं आज बऱ्याचदा इरिडियमसारखा दुर्मिळ धातू वापरावा लागतो.

प्र. ती मोठी मशीनं कसली?

एक्सरे डिफ्रॅक्शन म्हणजे पदार्थाच्या आतल्या मांडणीचा ठसा घेणारं, पावडर बनली की पहिली धाव तिकडेच. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप कण दाखवतो. रामन स्पेक्ट्रोमीटरने कार्बन किती विस्कळीत आहे ते कळतं, आणि हो, हे आपल्याच सी. व्ही. रामन ह्यांचं, १९२८ चं. जे मशीन आपल्याकडे नाही ते दुसऱ्या संस्थेत आय-स्टेम पोर्टलवरून बुक करता येतं.

प्र. केमिकलमध्ये काम, मुलीला पाठवायला भीती वाटते.

काकू, भीती बरोबर आहे, म्हणून खरं ते सांगते. आम्ही वापरतो तो एनएमपी नावाचा सॉल्व्हंट गर्भाला घातक आहे, हायड्रोफ्लोरिक ॲसिड कातडीतून आत जातं, त्यासाठी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल लॅबमध्ये हाताशी हवीच. फ्यूम हूड म्हणजे वाफा बाहेर ओढणारं कपाट, योग्य हातमोजे, रात्री एकट्याने काम नाही, हे नियम पाळले तर काम करता येतं. मुलीने प्रवेश घ्यायच्या आधी लॅबमध्ये जाऊन ही जेल कुठं आहे ते विचारावं. उत्तर पटकन मिळालं तर लॅब चांगली. गरोदर असताना सॉल्व्हंटचं काम बदलून मागायचं आणि मागायला लाजायचं नाही.

प्र. प्रवेश कसा? पैसे मिळतात का?

बीई, बीटेक किंवा एमएस्सी करून गेट किंवा नेट द्यायची, मग मुलाखत. फर्मागुडीला आयआयटी, कुंकळ्ळीला एनआयटी, झुआरीनगरला बिट्स, ताळगावला गोवा विद्यापीठ, चारही ठिकाणी ह्या बाजूचं काम करणारे प्राध्यापक शोधा आणि त्यांचे शेवटचे तीन पेपर वाचून मगच लिहा. जेआरएफला, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिपला, महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. त्यात राहता येतं, घरी थोडे पाठवताही येतात.

प्र. प्राथमिक मराठीतून झालंय, जमेल का?

माझंही चौथीपर्यंत मराठीतूनच. पाचवीला इंग्रजी आलं तेव्हा एक वर्ष जड गेलं, पीएचडीत अजिबात नाही. उलट आईला काम समजावून सांगता आलं की मला कळतं, आपल्याला ते स्वतःला समजलंय.

प्र. लॅब बघायला येता येईल का?

येता येईल, शाळेच्या सरांकडून आधी पत्र पाठवा, एका वेळी दहा मुलं. बंद बूट घालून या, चपला चालत नाहीत. पावसाळ्यात आलात तर छत्र्या बाहेरच ठेवायच्या, आणि ओले हात पुसल्याशिवाय पावडरच्या खोलीत कोणालाही सोडत नाही.